कॅनन जी७ एक्स मार्क ३ की सोनी आरएक्स१०० मार्क ७? आधी अंतर मोजा

ताई, बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही साताऱ्याला शिक्षिका आहात. मुलगी अकरा वर्षांची, कथक शिकते. वर्षाला तिचे चार-पाच कार्यक्रम होतात आणि तुम्हाला बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या रांगेतली खुर्ची मिळते. पावसाळा सरताना कासला एक-दोन फेऱ्या, थंडीत गडकिल्ले, आणि माउलींची पालखी जिल्ह्यात आली की एक दिवस वारीत. घरात जुना डीएसएलआर आहे, पण जड म्हणून तो कपाटातच राहतो. मोबाईलचे लांबून काढलेले फोटो चिखलासारखे दिसतात. म्हणून पर्समध्ये मावेल असा कॅमेरा हवा, आणि यादीत दोनच नावं उरली आहेत: कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७.

उत्तर आधीच देतो. तुम्ही सांगितलेल्या कामांसाठी मी कॅनन घेईन. पण तसं केलं तर वर्षातला एक दिवस, वारीतला, तुमच्या हातून बराचसा निसटेल. तो दिवस तुमच्यासाठी किती मोलाचा आहे हे मला इथे बसून ठरवता येणार नाही. म्हणून कॅननच का, ते सगळं उलगडून लिहितो. मी आधी लग्नकार्याचे फोटो काढायचो आणि गेली बरीच वर्षं पुण्यात कॅमेरे दुरुस्त करतो. त्यामुळे फोटो कसा येतो याच्या जोडीला कॅमेरा कशाने बिघडतो, हेही मला रोज दिसतं.

दोन्ही कॅमेरे २०१९ च्या जुलै महिन्यात जाहीर झाले. दोघांत २०.१ मेगापिक्सेलचा, ज्याला '१ इंची' म्हणतात तो सेन्सर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग) आहे. वजन कॅननचं ३०४ ग्रॅम, सोनीचं ३०२. दोघांत उघडणारा छोटा फ्लॅश, दोघांत फोर-के व्हिडिओ, दोघांना बाहेरचा माइक लावायची सोय. कागदावर इतकं सारखं असल्यामुळे लोक मग फोकसचे बिंदू आणि सेकंदाला किती फोटो हे आकडे मोजत बसतात. तिथे सोनी पुढे दिसतो, आणि महाग तो चांगला असं मनात ठसतं. सुरुवातीला अमेरिकेत कॅननची किंमत सुमारे ७५० डॉलर होती, सोनीची सुमारे १,२००. मधल्या साडेचारशे डॉलरमध्ये नेमकं काय मिळतं, हा खरा प्रश्न आहे.

सेन्सरबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. '१ इंच' हे नुसतं नाव आहे. तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमी असतो, म्हणजे तिरका मोजला तरी १६ मिमीच्या आतच. जुन्या काळी व्हिडिओ कॅमेऱ्यात काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेली ही नावं अजून चालत आली आहेत. तुमच्या कपाटातल्या डीएसएलआरचा सेन्सर क्षेत्रफळाने याच्या जवळपास तिप्पट आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मुख्य फरक. कॅननची लेन्स २४ ते १०० मिमी आहे (हे आकडे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातले), आणि ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं तोंड, एफ १.८ ते २.८ (आकडा लहान तितकं तोंड मोठं). सोनीची २४ ते २०० मिमी, ॲपर्चर एफ २.८ ते ४.५. म्हणजे सोनी दुप्पट लांब पोचतो आणि कॅनन जास्त उजेड आत घेतो. बाकीचे फरक याच्यानंतर येतात.

लांब म्हणजे किती लांब, याचा अंदाज दुकानात येत नाही. दुकानात सगळेच समोरच्या रस्त्यावरची पाटी झूम करून बघतात आणि २०० मिमी पाहून हरखतात. त्याऐवजी एक सोपं गणित करा. तुमच्यापासून विषयापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या मिमीने भागा. चौकटीत आडवी किती मीटर जागा मावेल ते कळतं. उंचीसाठी ३६ च्या जागी २४ घ्या.

तुमच्या सभागृहाचं करून पाहू. सहावी रांग, पुढे मोकळी जागा, मग रंगमंच आणि त्याच्या मध्यावर मुलगी, असं साधारण १२ मीटर धरतो. १०० मिमीला चौकट येते ४.३ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच. अकरा वर्षांची मुलगी दीड मीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे ती चौकटीच्या निम्म्या उंचीची दिसेल. डोक्यावर मोकळी जागा, बाजूला पडदा, कोपऱ्यात तबलजींचा हात. सोनीवर १५० मिमीला गेलात तर चौकट २.९ बाय १.९ मीटर होते आणि मुलगी छान भरून येते. २०० मिमीला उंची १.४ मीटरच उरते, तिथे पाय कापले जातात. तेव्हा नाचाच्या पूर्ण आकृतीसाठी या खुर्चीवरून २०० मिमी लागतच नाही, १३०-१५० ची गरज आहे. चेहऱ्यावरचे भाव टिपायचे असतील तर मात्र २०० उपयोगी पडेल.

इथे कोणीही म्हणेल, मग सोनीच घ्या की. थोडं थांबा. सभागृहात अडचण उजेडाची असते. कथकमध्ये चक्कर चालू असताना हात धूसर होऊ द्यायचे नसतील तर शटर (फोटो टिपायला घेतलेला वेळ) निदान १/२५० सेकंदाचं हवं. समजा कॅननला एफ २.८ वर त्यासाठी आयएसओ १६०० पुरतो (आयएसओ वाढवला की कमी उजेडातही फोटो उजळ येतो, पण दाणे वाढतात). सोनी तिथे एफ ४.५ च्या आसपास असेल, त्याला तेवढ्याच उजेडात आयएसओ ४००० च्या वर जावं लागेल. इतक्या छोट्या सेन्सरवर १६०० आणि ४००० यांत दिसण्यासारखा फरक पडतो. काळ्या पडद्यावर रंगीत दाणे दिसू लागतात, घुंगरांची पट्टी आणि पायाची बोटं यांच्या कडा एकमेकांत मिसळतात.

आता कॅननचा फोटो कापून सोनीच्या १५० मिमीएवढा केला तर काय होईल? २० मेगापिक्सेलमधले सुमारे ९ मेगापिक्सेल उरतील. कापल्यामुळे सेन्सरचा जेवढा भाग वाया जातो, जवळजवळ तेवढाच उजेड मोठ्या ॲपर्चरने आधी जास्त आणलेला असतो. मी हे गणित मांडलं आहे आणि फोटो शेजारीशेजारी ठेवूनही पाहिलं आहे. साधारण १६० मिमीपर्यंत, कमी उजेडात, कॅननचा कापलेला फोटो आणि सोनीचा पूर्ण फोटो दाण्यांच्या बाबतीत बरोबरीत येतात. १६० च्या पुढे सोनी सरस ठरतो. २०० मिमीएवढं कापलं तर कॅननकडे ५ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे २,७३६ बाय १,८२४ पिक्सेल. ९ बाय ६ इंची प्रिंटला तेही पुरतात. तेव्हा रात्रीच्या कार्यक्रमात सोनीचा लांब हात जाहिरातीत वाटतो तेवढा लांब नसतो. भर उन्हात मात्र हे सगळं उलटतं. उजेड भरपूर, आयएसओ १००-२००, तिथे कापण्यापेक्षा खऱ्या २०० मिमीचा तपशील निःसंशय चांगला.

घरातल्या उजेडाबद्दल एकच उदाहरण देतो. गणपतीची आरती, समयांचा उजेड, वर एक पिवळा बल्ब, चार हातांवर माणसं. हे २४ मिमीचं काम. कॅनन एफ १.८, सोनी एफ २.८, म्हणजे कॅननला जवळपास अडीचपट उजेड मिळतो. जिथे कॅनन आयएसओ ८०० वर काम भागवतो तिथे सोनीला २००० लागतो. तुमच्यासारख्या घरगुती फोटोंत असे प्रसंग गडावरच्या प्रसंगांपेक्षा जास्त असतात. खात्री करून घ्यायची असेल तर मोबाईलमधले गेल्या वर्षाचे फोटो उघडा. त्यातले घरातले, संध्याकाळचे, सभागृहातले किती आणि उन्हातले किती, ते कागदावर खुणा करून मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. खरेदीचा सल्ला मागणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगतो, आणि बऱ्याच जणांचा विचार त्या कागदावरच बदलतो.

बॅकग्राउंड धूसर करण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं. दोन्हीकडून डीएसएलआरसारखी अपेक्षा ठेवू नका. जवळच्या माणसाचा कंबरेपर्यंतचा फोटो १०० मिमीला एफ २.८ वर काढलात तर मागचं झाड मऊ होतं, नाहीसं होत नाही. सोनीवर २०० मिमीला मागचं थोडं जास्त विरघळतं, पण मग तुम्हाला पाच-सहा मीटर मागे सरावं लागतं. घरात तेवढी जागा कुठून आणणार.

आता वारीचं बघू, कारण इथे मला सोनीची बाजू मनापासून घ्यावी लागते. तुम्ही लिहिलंय की चांदोबाचा लिंब इथल्या उभ्या रिंगणाला तुम्ही जाता. लोणंदहून तरडगावला जाताना लागणारं ते ठिकाण. दिंड्या रस्त्यात दुतर्फा उभ्या राहतात आणि मधल्या वाटेने अश्व धावत येतो. भरधाव घोडा सेकंदाला दहा-बारा मीटर सहज कापतो. तुमच्या हातात चार-पाच सेकंद, आणि तेवढ्यात अंतर पन्नास मीटरवरून पाच मीटरवर येतं. सोनीच्या सेन्सरवर फेज डिटेक्शनचे ३५७ फोकसबिंदू आहेत. विषय पुढे सरकला की मागे, हे त्या बिंदूंना एका क्षणात कळतं आणि लेन्स त्याच दिशेला फिरते. कॅननमध्ये कॉन्ट्रास्टवर चालणारा फोकस आहे. तो लेन्स थोडी पुढे नेऊन बघतो, थोडी मागे आणून बघतो, कुठे चित्र जास्त स्पष्ट ते शोधतो. बसलेल्या माणसाला, फुलाला, गडाच्या बुरुजाला हे अगदी अचूक असतं. अंगावर येणाऱ्या घोड्याला नाही. सोनी सेकंदाला २० फोटो काढत असताना प्रत्येक फोटोच्या दरम्यान फोकस बदलत राहतो आणि पडदा मध्येच काळा होत नाही. रिंगणात त्याच्या वीसपैकी बरेच फोटो कामाचे निघतील. कॅननवर एकच मार्ग राहतो. रस्त्यावरची एक जागा आधी ठरवा, तिथे फोकस पक्का करून ठेवा आणि घोडा त्या जागी येण्याच्या किंचित आधी बटण दाबा. आम्ही फिल्मच्या काळात हेच करायचो. जमतं, पण सराव लागतो आणि रिंगण दुसऱ्यांदा होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. सोनीच्या डाव्या कोपऱ्यात व्ह्यूफाइंडर आहे, खटका ओढला की वर येतो. कॅननमध्ये तो नाहीच. ही गोष्ट पावसाळी वातावरणात किंवा घरात जाणवत नाही. जानेवारीत अजिंक्यताऱ्यावर सकाळी अकराला उभं राहा, म्हणजे कळेल. मागच्या पडद्यावर तुमचाच चेहरा आणि आभाळ दिसतं, चौकटीत काय आहे ते अंदाजाने ठरवावं लागतं. ज्यांची उन्हातली भटकंती जास्त आणि ज्यांना चष्मा आहे, त्यांनी हा मुद्दा हलका घेऊ नये. पडद्याची चमक पूर्ण वाढवून आणि टोपीची सावली धरून काम चालतं, पण बॅटरी लवकर उतरते. जाता जाता आणखी एक: सोनीचा पडदा खाली ९० अंशांपर्यंत वळतो, कॅननचा ४५ पर्यंत. गर्दीत हात वर करून फोटो काढताना त्याचा फायदा होतो.

कासच्या बाबतीत पुन्हा कॅनन पुढे. लेन्स १०० मिमीला ठेवून तो ३५ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. सोनी २०० मिमीला एक मीटरच्या आत येत नाही. मघाचं गणित लावलं तर कॅननच्या चौकटीत साधारण १२-१३ सेंटिमीटर रुंद भाग मावतो, सोनीत १८. तेरड्याचा किंवा सोनकीचा एक झुबका कॅननवर छान भरेल. सीतेच्या आसवांचं एकच नाजूक फूल पूर्ण चौकटभर हवं असेल तर दोन्ही कॅमेरे अपुरे. २४ मिमीला कॅनन ५ सेंटिमीटरपर्यंत आणि सोनी ८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, पण तेवढं जवळ नेलं की कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते, आणि कासला फुलांत पाय ठेवून पुढे वाकायचंही नसतं. पायवाटेवर बसून हात लांबवायचा आणि १०० मिमीवर काम करायचं, हेच बरं.

व्हिडिओबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण त्यात एक गोष्ट दडलेली आहे. कॅननच्या लेन्सच्या आत एनडी फिल्टर आहे. काळ्या चष्म्यासारखी काच, जी उजेड आठव्या हिश्शावर आणते. उन्हात व्हिडिओ काढताना हालचाल नैसर्गिक दिसायला शटर १/५० किंवा १/१०० च्या आसपास ठेवावं लागतं. कडक उन्हात एफ ५.६ ला ते १/८०० पर्यंत जातं आणि चालणारी माणसं तुटक तुटक दिसतात. फिल्टर चालू केला की तेच शटर १/१०० वर येतं. सोनीच्या या मॉडेलमध्ये तो फिल्टर नाही आणि लेन्सला बाहेरून फिल्टर लावायला आटेही नाहीत. दोन्हीवर फोर-के व्हिडिओला वेळेची मर्यादा आहे. कॅननवर एका वेळी दहा मिनिटांच्या किंचित आत. सोनी मूळ सेटिंगवर साधारण पाच मिनिटांत थांबतो. तापमानाचं सेटिंग बदलून ती वाढवता येते, पण कॅमेरा चांगलाच तापतो. मुलीचा नाच पंधरा मिनिटांचा असेल तर दोन्हीवर फुल एचडीमध्येच काढा. मध्येच बंद पडलेलं रेकॉर्डिंग पाहून मुलं किती हिरमुसतात ते मी पाहिलंय.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट, आणि ही दोन्ही कॅमेऱ्यांना सारखीच लागू आहे. सोमवती अमावस्येनंतरच्या आठवड्यात एक तरुण एक छोटा झूम कॅमेरा घेऊन आला. कंपनी कुठली ते महत्त्वाचं नाही. 'काका, प्रत्येक फोटोत डाग येतायत.' मी एफ ११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, तर चौकटीत गोल करडे ठिपके, पंधरा-वीस तरी. पाठचं झाकण काढलं, रिबन केबलच्या नखाएवढ्या कड्या सोडवल्या, लेन्सचा पूर्ण ठोकळा बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. सेन्सरच्या काचेवर पिवळे कण बसलेले. जेजुरीचा भंडारा. हळद इतकी बारीक की ब्रशने सरकते, पण उठत नाही, आणि ओलसर हवेत तिचा थर चिकट होतो. ते सगळं निपटायला मला एक पूर्ण दुपार लागली.

भंडारा आत जातो कसा, ते समजून घ्या. या कॅमेऱ्यांची लेन्स एकात एक बसणाऱ्या नळ्यांची असते. झूम करताना नळी बाहेर येते तेव्हा आतली पोकळी वाढते आणि कडेच्या फटीतून हवा आत ओढली जाते, सायकलच्या पंपासारखी. हवेत भंडारा, बुक्का, गुलाल, वाळू जे काही असेल ते त्या हवेबरोबर जातं. नळी आत जाताना तिच्या अंगावर बसलेली धूळही आत खरवडली जाते. डीएसएलआरमध्ये लेन्स काढून सेन्सर पुसता येतो, इथे लेन्स निघतच नाही. या दोन्हींपैकी एकाही कॅमेऱ्याला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही.

म्हणून वारीत, जेजुरीत, विसर्जन मिरवणुकीत किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर हे करा: कॅमेरा आडोशाला सुरू करा, एक झूम ठरवा आणि मग झूमला हात लावू नका. कॅमेरा आपोआप बंद व्हायची वेळ मेनूत जाऊन वाढवा, कारण मिनिटभर थांबलात की तो स्वतःहून नळी आत घेतो. बंद करण्याआधी मऊ ब्रशने, नसेल तर कोरड्या सुती रुमालाने, नळीची बाहेरची बाजू हलक्या हाताने झटका. काढलेले फोटो तिथे उभं राहून बघत बसू नका, फोटो बघतानाही काही वेळाने लेन्स आत जाते. एवढ्याने माझ्याकडे येणारी निम्मी कामं कमी होतील, आणि ती कमी व्हावीत असं मला खरंच वाटतं.

पावसाळ्यात कॅमेरा कापडी पाउचमध्ये कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पिशव्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या, एवढं केलं की साताऱ्याच्या हवेत बुरशी लागत नाही. महिन्यातून दोनदा बाहेर काढून लेन्स उघडझाप करा.

बॅटरीचं पटकन सांगतो. कंपनीच्या मोजणीने कॅननवर एका चार्जमध्ये सुमारे २३५ फोटो, सोनीवर सुमारे २६०. दोन्ही कमीच. एक जादा मूळ कंपनीची बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या. स्वस्त बॅटऱ्या फुगतात आणि खाचेत अडकून बसतात, मग त्या काढताना खाचच तुटते. कॅनन यूएसबी-सीने चार्ज होतो, पण त्याला पॉवर डिलिव्हरीवाला चार्जर लागतो, मोबाईलचा जुना चार्जर चालत नाही. सोनीला जुन्या पद्धतीची मायक्रो यूएसबी आहे. फोर-के काढायचं असेल तर मेमरी कार्डावर यू३ ही वेगाची खूण असलेलं बघून घ्या.

आता कपाटातल्या डीएसएलआरबद्दल. तुम्ही तो विकायच्या विचारात आहात, तो विकू नका. त्याला ५० मिमी एफ १.८ ची साधी लेन्स मिळते, ती या दोन्ही कॅमेऱ्यांच्या किमतीच्या छोट्या हिश्शात येते. तिप्पट मोठा सेन्सर आणि एफ १.८, हे दोन्ही एकत्र आले की सभागृहातल्या फोटोत हे दोन्ही छोटे कॅमेरे त्याच्या मागेच राहतात. मुलीच्या वर्षातल्या मोठ्या कार्यक्रमाला तो न्या, वर्षातून एकदा ते ओझं उचलण्यासारखं आहे. तसं ठरलं तर मग छोट्या कॅमेऱ्याची निवडही पुन्हा तपासा. सभागृहाचं काम डीएसएलआरवर गेलं की बाकी राहतं ऊन, गड आणि वारी, आणि तिथे सोनीचं पारडं जड होतं. म्हणून सुरुवातीला म्हटलं की कॅनन, ते डीएसएलआर कपाटातच राहणार असं धरून.

खरेदी करताना पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते आधी विचारा. गेल्या काही वर्षांत या छोट्या कॅमेऱ्यांना तरुण मुलांमुळे पुन्हा मागणी आली आहे. माल कमी पडला की बाहेरून आणलेले ग्रे मार्केटचे कॅमेरे थोड्या कमी भावात मिळतात, पण त्यांना इथे वॉरंटी नसते. लेन्सचा ठोकळा बदलायची वेळ आली तर वाचलेले पैसे तिथेच जातात. डब्यावरचा, बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर एकच आहे ना ते दुकानातच जुळवा.

सेकंडहँड बघणार असाल तर स्वतःची बॅटरी आणि कार्ड घेऊन जा. शांत खोलीत कॅमेरा कानाजवळ धरून झूम पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत पाच-सहा वेळा करा. आवाज सरळ, एकसारखा हवा. मध्येच कुरकुरला किंवा नळी तिरकी डुलत बाहेर आली तर तो पडलेला आहे. मोबाईलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघा, ती बुरशी. सोनी असेल तर व्ह्यूफाइंडर चार-पाच वेळा वर-खाली करा आणि दरवेळी चित्र येतं का पाहा. कॅनन असेल तर एनडी फिल्टर चालू-बंद करा. दुसऱ्या फोटोत उजेड बदलायलाच हवा. शेवटी ॲपर्चर एफ ११, झूम पूर्ण बाहेर, समोर पांढरी भिंत, फोकस मुद्दाम बिघडवून एक फोटो. तो फोटो मोठा करून चारही कोपरे नीट बघा. एकही करडा ठिपका दिसला तर किंमत कमी करून मागू नका, कॅमेरा परत द्या.